कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या गाडीवर जीपीएस ट्रॅकर: निवड, जोडणी, सेटिंग आणि घरातलं बोलणं

बारावीचा निकाल लागला की घरात दोन विषय निघतात, कॉलेजची फी आणि गाडी. गाडी ठरली की आई-बाबांच्या मनात पुढचा प्रश्न येतो: आत्ता कुठे असेल, किती वेगात असेल? मग कोणीतरी सांगतं, दोन-तीन हजारांत ट्रॅकर मिळतो, बसवून टाका. बसवायला खरंच तासभर पुरतो. पण काय घ्यायचं, कुठे जोडायचं, कोणता अलर्ट चालू ठेवायचा आणि तो वाजल्यावर काय करायचं हे आधी ठरलं नसेल, तर महिन्याभरात एकतर स्कूटरची बॅटरी बसते किंवा घरातलं बोलणं बंद होतं.

आधी लायसन्स

ट्रॅकरच्या दुकानात जाण्याआधी मुलाच्या वयाचा हिशोब करा. मोटार वाहन कायद्यानुसार १६ ते १८ या वयात, पालकांच्या संमतीने, फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवता येते. आज शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोल स्कूटर जवळपास मिळतच नाही. ११० किंवा १२५ सीसीच्या नेहमीच्या स्कूटरला १८ पूर्ण लागतात, मग तिला गिअर नसले तरी. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांना लायसन्स लागत नाही. पण दुकानदार ‘लायसन्स लागत नाही’ म्हणतो तेव्हा कागदावरचा आकडा स्वतः वाचा.

२०१९च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आलं आणि १ सप्टेंबर २०१९पासून ते लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या कारचा अपघात झाला तेव्हा पालकांच्या जबाबदारीची चर्चा घरोघर झाली.

या कलमात पालकांना सुटकेची वाट अरुंद आहे: मला माहीत नव्हतं, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यांनीच सिद्ध करायचं. आता विचार करा. लायसन्स नसलेला मुलगा रोज क्लासला स्कूटर नेतो आणि तुमच्या मोबाइलवर त्याचा रोजचा रस्ता तारीख-वेळेसकट साठतो आहे. मग ‘मला माहीत नव्हतं’ कोणत्या तोंडाने म्हणणार? विनालायसन्स मुलाच्या गाडीवर बसवलेला ट्रॅकर ही तुमच्याच विरुद्धची नोंदवही ठरू शकते. विम्याचंही तसंच आहे. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी चाचणी देता येते. त्या काळात कार चालवताना शेजारी लायसन्स असलेली व्यक्ती हवीच. दुचाकीवर मागे मित्राला बसवता येत नाही. बसलेला माणूस लायसन्सधारक शिकवणारा असला तरच चालतो. या दोन्ही गोष्टी ट्रॅकरला कळत नाहीत, त्या घरातच ठरवाव्या लागतात.

वाहतूक पोलिसांचा ई-चलनचा एसएमएस आरसीवर नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. गाडी घेताना शोरूमच्या एजंटने स्वतःचा नंबर टाकलेला असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. परिवहनच्या संकेतस्थळावर तो बदलून आपला करा. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, तिघं बसले होते हे ट्रॅकर कधीच सांगणार नाही, चलन फोटोसकट सांगतं. कार असेल तर फास्टॅगचा एसएमएस टोलनाका ओलांडल्याची वेळ कळवतोच. अनेक घरांत या दोन फुकटच्या गोष्टींवरच काम भागतं.

काय घ्यायचं

सगळ्यात सोपा उपाय फोनमध्येच आहे. गुगल मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग ‘बंद करेपर्यंत’ चालू ठेवता येतं, व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास. मुलगी रात्री उशिरा प्रोजेक्ट संपवून निघाली, तिनेच आठ तासांचं लोकेशन पाठवलं, पोचल्यावर बंद केलं, इतकंच हवं असेल तर ट्रॅकर घेऊच नका. फोनच्या लोकेशनची अडचण एकच, ते माणसाची जागा सांगतं, गाडीची नाही. मित्राच्या गाडीवर मागे बसलेला मुलगा आणि स्वतः चालवणारा मुलगा नकाशावर एकसारखेच दिसतात.

फोनवरचं लोकेशन ‘अडकतं’ ही तक्रार बहुतेक वेळा मुलाची चलाखी नसते. शाओमी, रिअलमी, विवो, ओप्पो यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप्स बंद केली जातात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ आणि ‘अचूक’ करा, बॅटरीत ‘निर्बंध नाही’ निवडा, ऑटोस्टार्ट चालू करा. हे केल्याशिवाय ‘तू मुद्दाम बंद केलंस’ असा आरोप करू नका.

नवीन कार किंवा इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर आधी कंपनीचं अ‍ॅप उघडून बघा. ह्युंदाईच्या ब्लूलिंकसारख्या सेवांमध्ये ठरलेल्या हद्दीबाहेर गेल्याचा, ठरलेला वेग ओलांडल्याचा आणि ठरलेल्या वेळेबाहेर गाडी चालू झाल्याचा अलर्ट असतोच. टीव्हीएस आयक्यूबसारख्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही लाइव्ह लोकेशन आणि हद्दीचा अलर्ट मिळतो. वर्गणी संपली असेल तर ती भरणं बाहेरचं यंत्र जोडण्यापेक्षा बरं.

जुन्या कारसाठी ओबीडी पोर्टमध्ये (गॅरेजवाला बिघाड तपासायला यंत्र जोडतो त्या सॉकेटमध्ये) खोचायचा ट्रॅकर सोपा. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर १६ पिनांचं सॉकेट असतं. वायर कापायची नाही, बसवायला दोन मिनिटं. पण काढायलाही दोनच मिनिटं, आणि सर्व्हिसिंगवाला काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवून विसरतो ते वेगळंच.

पेट्रोल स्कूटरला वायरचा ट्रॅकर लागतो. दुचाकीचं निदान-सॉकेट कंपनीगणिक वेगळं असतं, तिथे कारचा ओबीडी ट्रॅकर बसत नाही. साधारण दीड-दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत ही यंत्रं मिळतात, शिवाय वर्षाची वर्गणी. चुंबकाने चिकटणारे चार्जिंगचे ट्रॅकर स्कूटरला घेऊ नका. आजच्या स्कूटरचा बराचसा भाग प्लास्टिकचा असतो, आणि दर आठवड्याला चार्ज करायचं कोणाच्या लक्षात राहतं? अ‍ॅपलचा एअरटॅग हा ट्रॅकर नव्हे. आसपासच्या दुसऱ्यांच्या फोनमधून तो आपली जागा कळवतो, वेग सांगत नाही, आणि सोबत फिरणाऱ्या अनोळखी फोनला ‘तुमच्यासोबत टॅग आहे’ असा इशारा देतो.

दुकानदार ‘एआयएस-१४०’ चं यंत्र पुढे करील. ते मानक प्रवासी वाहनांसाठी आहे, बस-टॅक्सीवाल्यांसाठी. खासगी स्कूटरला त्याची सक्ती नाही, तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

सिम आणि नेटवर्क

ट्रॅकर मेला अशा बहुतेक तक्रारींमागे सिम असतं. स्वस्त यंत्रं फक्त टूजीवर चालतात आणि जिओकडे टूजी नेटवर्कच नाही. म्हणजे टूजीच्या यंत्रात जिओचं सिम टाकून लाइट लुकलुकत बसेल, जागा मात्र कधी येणार नाही. नवीन घेताना फोरजीचंच घ्या. आपल्या गल्लीत आणि कॉलेजच्या आवारात ज्या कंपनीची रेंज आहे तिचं सिम टाका.

विक्रेता बहुधा १३ आकडी एमटूएम (यंत्रांसाठीचं) सिम आतच घालून देतो. ते कोणाच्या नावावर आहे, वर्गणी कधी संपते, संपल्यावर तेच यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर नेता येईल का, हे तीन प्रश्न बिल करण्याआधी विचारा. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर वर्षभराने तो जो दर सांगेल तो मान्य करावा लागेल. डेटा फारसा लागत नाही. दर १० सेकंदांना एक नोंद पाठवली आणि गाडी दिवसाला दोन तास चालली तरी महिन्याला काही एमबीच खर्च होतात.

यंत्र हातात आलं की पहिलं काम पासवर्ड बदलणं. अनेक यंत्रांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड १२३४५६ असतो. सिमचा नंबर आणि हा पासवर्ड ज्याला माहीत, तो एका एसएमएसवर तुमच्या मुलीची जागा मागवू शकतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस एमव्ही७२० या स्वस्त ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला होता: त्यातल्या त्रुटींमुळे परका माणूस गाडीची जागा पाहू शकत होता आणि इंधनही तोडू शकत होता. तेव्हा ज्या अ‍ॅपचा निर्माता कोण ते कळत नाही, जे प्लेस्टोअरवर नाही आणि लिंकवरून उतरवायला सांगतात, ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. लॉगिन आई-बाबा दोघांकडेच ठेवा. मामा, काका, फॅमिली ग्रुप यांना नको.

स्कूटरला जोडणी

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. वायरिंग कापलं की इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारली जाते. चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन मूळ वायर न कापता जुळणारा कपलर मध्ये घालून जोडतो. तसाच आग्रह धरा.

यंत्रातून साधारण चार वायरी येतात. रंग बदलू शकतात, म्हणून सोबतचा कागद बघूनच जोडा. नेहमी दिसणारी रचना अशी:

१. लाल, बॅटरीचा प्लस. मध्ये १ अँपिअरचा फ्यूज हवाच. नसला तर वायर घासून शॉर्ट झाल्यावर वितळते ती गाडीची मूळ वायरिंग.

२. काळी, बॅटरीचा मायनस किंवा चासीवरचा स्वच्छ खरवडलेला बोल्ट. रंगावरच वॉशर ठेवून आवळलं तर अर्थ मिळत नाही आणि यंत्र मधूनच बंद पडतं.

३. नारिंगी किंवा पांढरी, चावीनंतरची लाइन. चावी बंद असताना मल्टिमीटरवर ० आणि चालू केल्यावर १२ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. ही वायर चुकून सरळ बॅटरीवर गेली की गाडी ‘सदैव चालू’ दिसते आणि यंत्र कधी झोपत नाही.

४. पिवळी, मोबाइलवरून इंजिन बंद करणाऱ्या रिलेची, म्हणजे स्विचची. ही जोडू नका. टोकाला टेप गुंडाळून सोडून द्या.

चौथ्या वायरीवर दुकानात वाद होईल. ‘साहेब, मोबाइलवरून गाडी बंद करता येते’ हेच तर विक्रीचं वाक्य. पण उड्डाणपुलावर ५० च्या वेगात, मागे ट्रक असताना इंजिन अचानक बंद झालं तर स्कूटरचं काय होईल याची कल्पना करा. कारमध्ये पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही जड होतो. चोरीच्या भीतीने रिले बसवतात, पण वापरली जाते ती रागाच्या भरात.

यंत्राची जागा हँडलजवळच्या पुढच्या कव्हरच्या आत, वरच्या बाजूला. लेबलची बाजू आकाशाकडे, वर प्लास्टिक चालेल, पत्रा चालणार नाही. वॉशिंग सेंटरचा पाण्याचा मारा थेट येईल अशी जागा टाळा. दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या जोडण्या आपल्या खड्ड्यांत चार महिन्यांत सैल होतात. झाळ द्या, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, हॅंडल दोन्ही टोकांना वळवून वायर ताणत नाही ना ते बघा.

आता बॅटरीचं गणित, कारण कटकट इथेच होते. स्कूटरची बॅटरी साधारण ४ ते ५ अँपिअर-तासांची. ट्रॅकर झोपत नसेल आणि सतत २० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो. चार दिवस गाडी उभी राहिली की चार अँपिअर-तासांच्या बॅटरीतला निम्मा दम गेला आणि सेल्फ स्टार्ट नुसता टिक-टिक करतो. परीक्षेच्या आठवड्यात हे नेमकं होतं. झोपेत ३ मिलिअँपिअरच्या आसपास घेणारं यंत्र आठवडेच्या आठवडे त्रास देत नाही. म्हणून घेतानाच ‘स्लीप करंट किती’ विचारा, आणि बसवल्यावर चावी काढून पंधरा मिनिटांनी मल्टिमीटर लावून स्वतः मोजा.

सेटिंग: अलर्ट तीनच

अ‍ॅपमध्ये वीस-पंचवीस अलर्ट असतात आणि सगळे चालूच येतात. पहिल्या आठवड्यात तुम्ही प्रत्येक वाजल्यावर बघाल, तिसऱ्या आठवड्यात एकही बघणार नाही. सगळे बंद करा आणि तीन चालू ठेवा.

पहिला, वेग. शहरात दुचाकीसाठी ५५, तोही सलग १५ सेकंद टिकला तरच. वेळेची अट न घालता नुसता आकडा टाकला तर दिवसाला दहा खोटे अलर्ट येतील. ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समोर काही आल्याचं कळून हात ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आधीच २१ मीटर गेले. ७० ला हेच २९ मीटर होतात. हा आकडा मुलाला रस्त्यावर पावलं मोजून दाखवा, भाषणापेक्षा लवकर कळतो.

दुसरा, ठरलेल्या वेळेनंतर गाडी चालू होणं. रात्री ११ ते पहाटे ५ असा काळ बहुतेक घरांना पुरतो.

तिसरा, यंत्राची वीज तुटणं. हा चोरीसाठी. गॅरेजमध्ये बॅटरी काढली तरी तो वाजतो, तेव्हा वाजला की आधी गॅरेजची तारीख आठवा.

कॉलेजला पोचला, क्लासमधून निघाला, मित्राच्या घरी थांबला, हे अलर्ट लावू नका. ते सुरक्षिततेचे नाहीत, कुतूहलाचे आहेत. हद्दीचा अलर्ट लावायचाच असेल तर जिथे दुचाकीला बंदीच आहे तिथे लावा: मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, ईस्टर्न फ्रीवे. हद्दीचं वर्तुळ २०० मीटरपेक्षा लहान ठेवलं तर गाडी जागेवर उभी असतानाही आत-बाहेर केल्याचे निरोप येत राहतील, कारण उंच इमारतींमध्ये ठिपका आपोआप सरकतो.

नोंद पाठवण्याचं अंतर: गाडी चालू असताना १० सेकंद, बंद असताना ३० मिनिटं ते तास.

ठिपका वाचायला शिकणं

या विषयावरचं निम्मं भांडण ठिपका चुकीचा वाचल्याने होतं. समजा, आठवड्याच्या तक्त्यात ‘कमाल वेग ८९’ लाल अक्षरांत दिसतो. लगेच हाक मारू नका. त्या फेरीच्या नोंदी उघडा:

१८:०२:१० – ३४
१८:०२:२० – ३६
१८:०२:३० – ८९
१८:०२:४० – ३५

एकशेदहा सीसीची स्कूटर दहा सेकंदांत ३६ वरून ८९ वर जाऊन पुढच्या दहा सेकंदांत पुन्हा ३५ वर येत नाही. ही उपग्रहाच्या सिग्नलची उडी, उंच इमारतींवर आपटून आलेली. आता दुसरी फेरी:

२१:४०:०० पासून – ४४, ५१, ५८, ६३, ६६, ६५, ६०, ४८

इथे वेग पायरीपायरीने चढलाय आणि उतरलाय. सत्तर सेकंद, म्हणजे किलोमीटरभर. हा ६६ खरा आहे आणि बोलायचं ते याच्याबद्दल, ८९ बद्दल नाही.

मुलगा म्हणेल ‘काटा सत्तर दाखवत होता’ आणि अ‍ॅप ६६ म्हणेल. दोघंही बरोबर असू शकतात, गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता जीपीएसला बहुधा वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे ‘इथे वेगमर्यादा ३० असताना ५०’ असा अलर्ट पुलावरच्या गाडीलाही येतो. बेसमेंट पार्किंगमध्ये आणि कात्रज-खंबाटकीच्या बोगद्यांत ठिपका थांबतो. ताम्हिणीसारख्या घाटात मोबाइलची रेंज जाते. चांगलं यंत्र त्या वेळात नोंदी साठवतं आणि रेंज आल्यावर एकदम पाठवतं. म्हणून ‘ऑफलाइन, ४० मिनिटांपूर्वी’ हे पावसाळ्यातल्या घाटात नेहमीचं दृश्य आहे. सहलीला निघताना रस्ता ठाऊक असेल तर ऑफलाइन होण्याची जागाही आधीच ठाऊक असते.

‘जोरात ब्रेक’ हा आकडा सगळ्यात फसवा. यंत्रातला सेन्सर धक्का मोजतो, आणि खड्डा किंवा रंग उडालेला गतिरोधक त्याला ब्रेकच वाटतो. रोज एकाच ठिकाणी येणारा ब्रेक म्हणजे तिथला खड्डा. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगाच्या मागोमाग येणारे ब्रेक म्हणजे पुढच्या गाडीला चिकटून चालवणं.

हे सगळं रोज बघायचं नाही. रविवारी सकाळी पंधरा मिनिटं, मुलाला शेजारी बसवून. चार गोष्टी बघा: खरा कमाल वेग, अंधारातल्या फेऱ्या, एकूण किलोमीटर, ब्रेकची ठिकाणं. दिवसभर नकाशा उघडून बसणाऱ्या पालकाला मुलगा कुठे आहे ते कळतं, कसा चालवतो ते कळत नाही.

बसवण्याआधीचं बोलणं, वाजल्यानंतरचं बोलणं

लपवून बसवू नका. स्कूटरच्या पुढच्या कव्हरात काय आहे ते कळायला मुलांना पहिलं सर्व्हिसिंग पुरतं. मग ते वायर काढत नाहीत, मित्राची गाडी घेऊन जातात, आणि ती गाडी तुमच्या नकाशावर नसते.

अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत निर्णय पालकांचा असतो. अठरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी कायद्याने सज्ञान आहे, तिथे संमती मागा. ‘गाडी माझ्या नावावर आहे’ हे खरं असलं तरी त्यावर संभाषण संपवू नका. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी: अनेक घरांत ट्रॅकर लेकीच्या गाडीला बसतो, लेकाच्या बुलेटला नाही. वेग बघायचा असेल तर दोघांचा बघा. फक्त मुलीचा ठिपका बघत असाल तर तुम्ही वाहनसुरक्षा करत नाही आहात, आणि हे तिला पहिल्याच दिवशी कळतं.

पाच ओळी कागदावर लिहून फ्रिजवर लावा: कोण बघणार (आई आणि बाबा), कधी बघणार (रविवारी, आणि तीन अलर्टना), कशाबद्दल विचारणार नाही (कोणाबरोबर, कुठे थांबला), नियम मोडला तर काय (एक आठवडा बस), आणि कधी काढणार. पाचवी ओळ सोडून दिली की पहिल्या चारांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

अलर्ट वाजला की फोन करू नका. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालत असताना खिशातला फोन वाजला, स्क्रीनवर ‘आई’ दिसलं, की हात खिशाकडे जातो. वेगाच्या अलर्टमुळे तुम्ही केलेला फोन त्या वेगापेक्षा जास्त धोकादायक आहे. चावी बंद झाल्याचं दिसेपर्यंत थांबा. मग ‘पोचलास का?’ इतकाच निरोप. बाकीचं घरी, चहाच्या वेळी. आणि प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं. ‘कुठे भटकत होतास?’ला मुलगा ‘कुठे नाही’ म्हणणार. ‘मंगळवारी रात्री बायपासला किलोमीटरभर साठच्या आसपास होतास. काय झालं होतं?’ला तो सांगेल की मागे टेम्पो चिकटला होता. कधी खरंच चिकटलेला असतो.

फोन करायची वेळ एकच. गाडी रस्त्याच्या मधोमध, जिथे थांबायचं कारण नाही अशा जागी थांबली आहे, चावी चालूच आहे, आणि दहा मिनिटं हलली नाही. फोन करा. उचलला नाही तर सोबतच्या मित्राला करा. त्यानेही नाही तर ११२ ला फोन करून नकाशावरची जागा सांगा, रुग्णवाहिकेसाठी १०८. जागा सांगताना अक्षांश-रेखांश नको, रस्त्याचं नाव, दिशा आणि जवळची खूण सांगा: ‘कात्रजकडून नवले पुलाकडे, पेट्रोलपंपाच्या पुढे’. म्हणून मुलाच्या दोन-तीन मित्रांचे नंबर फोनमध्ये आधीपासून हवेत, आणि मुलाला ते माहीतही हवं.

कधी कमी करायचं, कधी काढायचं

पहिले तीन महिने तिन्ही अलर्ट आणि रविवारचा तक्ता. खऱ्या वेगाचा एकही प्रसंग सलग सहा आठवडे आला नाही तर रात्रीचा अलर्ट काढा आणि तक्ता महिन्यातून एकदा. सहा महिन्यांनी वेगाचा अलर्टही काढा, यंत्र फक्त चोरीसाठी राहू द्या. पहिल्या पावसाळ्यात मात्र एक पायरी मागे या, कारण ओल्या रस्त्यावर आधीचा सराव कामाला येत नाही. घाई करून मार्चमध्ये सगळं काढलं आणि जूनमध्ये पुन्हा लावलं तर ती शिक्षा वाटते. म्हणून जूनचं आधीच सांगून ठेवा.

वर्गणी संपत आली की विक्रेत्याचा फोन येईल. त्याआधी घरात ठरवा की पुढचं वर्ष हवं का. नको असेल तर यंत्र नुसतं बंद ठेवू नका, वायरी सोडवून घ्या, नाहीतर ते बॅटरी खात राहील. गाडी विकताना तर यंत्र काढाच. अ‍ॅपमधून गाडी डिलीट करा, जुन्या नोंदी पुसा, सिम तुमच्या नावावर असेल तर ते कंपनीत जाऊन बंद करा. तसंच सोडलं तर नव्या मालकाच्या गाडीचा ठिपका तुमच्या फोनवर फिरत राहील, आणि ते त्याला सर्व्हिसिंगला गेल्यावरच कळेल.